तुटक रेषा

नवी आवृत्ती निघायची होती.
साहेबांनी यादी दिली : बुजवायच्या वाटा, सतरा.
शेरा एकच, "वापर नाही".

साताऱ्याच्या कचेरीत दुपारी
मी काचेखालचा दिवा लावून शीट पसरली.
कोयनेचं पाणी निळं, पंजासारखं,
बोटं मात्र पाचाहून किती तरी जास्त,
दिसेल त्या ओढ्यात खुपसलेली.
वर तपकिरी समोच्च रेषा :
दाट तिथे कडा, विरळ तिथे सडा.
हे मला झोपेतही वाचता येतं.
त्या डोंगरात मी गेलोय एकदाच,
बामणोलीहून लाँचनं, ऑफिसच्या सहलीला.

ठकूबाई झोरे दाखल्यासाठी आल्या होत्या.
वस्ती कुठली विचारलं, तर काचेवर वाकल्या.
अक्षर येत नव्हतं.
"ह्ये पानी?" हो म्हटलं.
मग त्यांचं बोट चालू लागलं
काठावरून वर, अनवाणी.

"हितं एक दम. हितं दुसरा.
हितं हंडा उतरायचा, दगूड हाय बसक्या म्हशीगत.
हितनं जनावरं आपली आपून वळत्यात."
वीस-वीस मीटरच्या माझ्या रेषा
त्यांच्या दमांशी कुठेच जुळेनात.
तरी बोट गेलं नेमकं तुटक रेषेवरूनच,
यादीतल्या अकराव्या.

एका निळ्या ठिपक्यापाशी अडलं.
"झरा ह्या अंगाला न्हाई.
घळीच्या पल्याड हाय. कुनी काढला ह्यो?"
मी काढला होता, एकोणनव्वद साली,
जुन्या शीटवरून.
ती त्याहून जुन्या शीटवरून.

दाखला आमच्याकडे मिळत नाही,
तहसीलला जा, एवढंच सांगता आलं.
दारातून त्या म्हणाल्या,
"वाट ऱ्हाऊ द्या. मानसं न्हाईत, पर गवं हाईत की."

संध्याकाळी ब्लेड घेतलं.
फिल्मवरची शाई खरवडताना
उंदरानं कागद कुरतडावा तसा आवाज येतो,
टेबलाभोवतीच्या कुणाला ऐकू जात नाही.
दहा गेल्या. अकरावीशी चहा मागवला.
चहा संपला.
मग तीही गेली.
शीट दिव्यासमोर धरली
तर ओरखडा अजून दिसतो, टिंब टिंब.

झरा मात्र सरकवला तीन मिलिमीटर,
म्हणजे जमिनीवर दीडशे मीटर,
कुणाच्याही सहीशिवाय.
विचारलं तर दाखवायला कागद नाही माझ्याकडे.

छापून आली आहे आता.
झरा बरोबर जागी आहे,
आणि तिथवर जायला वाट नाही.