मीठ उडत नाही

दिवसभर मी समुद्रातून मीठ काढतो.
हिद्दच्या प्लांटात, तिसऱ्या युनिटवर,
पडदे, पंप, दाब,
आणि पलीकडे बहरीनभर नळाला गोडं पाणी.
संध्याकाळी मुहर्रकच्या दीड खोलीत
तेच पाणी आणखी एकदा गाळून
बादलीत मोजून मीठ घालतो परत.
हेमांगी देवगडहून फोनवर हसली,
"मग पगार कशाचा घेता?"

पाचव्या आठवड्यात पोवळी मिटली.
एसीच्या हवेनं टाकी दोन बोटं उतरायची,
मी भर घालायचो. खाऱ्या पाण्याची.
दुकानातल्या शाजीनं कपाळाला हात लावला:
"भाई, उडतं ते पाणी.
मीठ बसून राहतं."
अठरा वर्षं ज्याच्यावर पोट भरतो
तेच मला तो समजावत होता,
आणि मी माना डोलावत होतो.

मग गोडं पाणी, वाटीवाटीनं.
वहीत रोज दोन आकडे: पस्तीस, सव्वीस.
नायट्राइटच्या रकान्यात शून्य यायला
अजून सोळा दिवस.

ॲनिमोन मात्र घाईनं आणला.
तीन महिने थांब, म्हणाला होता शाजी.
मी निवडून दिलेला दगड
त्यानं तासाभरात सोडला,
काचेवरून एका पायानं निघाला
थेट पंपाच्या तोंडाकडे.
रात्री दीडला, कोपरापर्यंत ओला,
मी पंपाला स्पंज बांधत होतो.
त्याला हात नाही लावला.
ओढलं तर पाय फाटतो त्याचा,
आणि फाटलेला पाय घेऊन
नवी जागा कुठे धरणार?

ऑगस्टात वीज गेली.
पाणी एकोणतीस, तीस, साडेतीस.
बर्फाच्या बाटल्या संपल्या तेव्हा
वरच्या मजल्यावरची उम्म सालेह
टॉर्च घेऊन जिना उतरली,
हातात गोठलेल्या कोळंबीची
घट्ट सीलबंद पिशवी.
"तरंगव," म्हणाली. "पण परत दे,
उद्या भातात घालायची आहे."
पोवळ्यांवर रात्रभर
तिची कोळंबी डुलत राहिली.

आता पोवळी उघडतात,
दुपारी, मी नसताना, बहुतेक.
घरी येतो तेव्हा
मिटायच्या बेतात असतात.
ॲनिमोननं घर केलं
दगडामागे, भिंतीच्या बाजूला,
जिथे प्रवाह त्याला हवा तेवढाच लागतो
आणि माझ्या खाटेवरून काही म्हणता काही दिसत नाही.

शुक्रवारी सुट्टी होती.
मी खाट फिरवली.