भिंत चाटणारं शिंगरू

घोडी एकदाच कण्हली
आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत
शिंगरू पेंढ्यावर होतं.
हिदाकाच्या या किनाऱ्यावर बावीस हिवाळे काढले,
इतकं सोपं बाळंतपण पाहिलं नव्हतं.
वहीत लिहिलं : एक वाजून दहा मिनिटं. नर.
कपाळावर तांदळाएवढा ठिपका. सगळं ठीक.

नव्हतं ठीक.

ते उभं राहिलं, पण आईकडे पाठ करून.
भिंतीची फळी चाटत राहिलं,
मग बादलीची कड,
मग माझ्या गमबुटाचं टोक.
आई घशातल्या घशात बोलावत होती,
पोटच्यासाठीच राखून ठेवलेल्या आवाजात.
सडांतून चीक गळत होता, पेंढ्यात जिरत होता,
आणि ते तिच्या पोटाखालून निघून गेलं,
माणूस पुलाखालून जातो तसं.

म्हातारे इसोबे कंदील घेऊन आले.
"असली आम्ही नळीने पाजायचो," म्हणाले,
"आठवडा आठवडा. अर्धी जगायची.
उरलेल्यांना नावं ठेवायचो नाही."

घाटात बर्फ. डॉक्टर कुरामोचीबाई फोनवर :
"आधी फासळ्या चाचपा. मोडलेली नाही ना एखादी?
मऊ दोर आहे? छातीभोवती घाला.
हळूहळू आवळा, वीस मिनिटं धरून ठेवा.
अंग बाहेर आलंय, ते स्वतः अजून आतच आहे.
वाट अरुंद असते ती उगाच नव्हे.
तिथेच दाबून दाबून सांगतात, आता जागा हो.
हा इतक्या घाईत आला, की कुणी सांगितलंच नाही."

दोर माझ्या बापाच्या होडीवरचा,
कोम्बूच्या जुड्या बांधायचा.
अजून त्याला खाऱ्या पाण्याचा वास.
एक गाठ न सरकणारी, दोन वेढे सरकणारे :
बापाने एवढीच विद्या मागे ठेवली.
ओढला.
पाय दुमडले, मान लांबली,
ते माझ्या मांडीवर झोपलं,
श्वास इतका सावकाश
की मी माझा मोजायला लागलो.

इसोबे घड्याळ धरून. घोडीने माझे केस हुंगले.
वीस मिनिटांत माणूस काय काय आठवतो.
आई सांगायची, तू होडीतच झालास,
धक्क्यापर्यंतही थांबला नाहीस,
आणि पुढे तीन वर्षं बोलला नाहीस.
मलाही कुणी बांधायला हवं होतं जरा वेळ.

सोडलं. उठलं. अंग झटकलं.
आणि गेलं सरळ भिंतीकडे.

इसोबेंनी घड्याळ खिशात टाकलं.
कुणी काही बोललं नाही. छपरावरून बर्फ घसरला.
फोनवर बाई म्हणाल्या, "दोन तासांनी पुन्हा."
जणू कणीक पुन्हा मळायला सांगत होत्या.

साडेचारला पुन्हा.
या खेपेला दोराचं टोक म्हाताऱ्याने मागून घेतलं.
हात थरथरत होते, दोर नाही.
घड्याळ कुणी पाहिलं की नाही, आठवत नाही.

सोडल्यावर त्याने डोळे उघडले,
कुणी नावाने हाक मारावी तसे,
आणि नाव तर अजून ठेवायचं होतं.
भिंतीकडे दोन पावलं. थांबलं.
कान मागे फिरला, मग मान, मग सगळं शिंगरू.
आईचा गुडघा चोखला. मग कोपर.
मग पोटाची नुसतीच कातडी.
मी ओठ दाबून धरले, बोट दाखवायचा मोह आवरला.
आणि मग तो आवाज,
ओला, हावरट, बेशिस्त.

बर्फ किती साचलाय बघून येतो,
म्हणत इसोबे बाहेर गेले,
कंदील आतच विसरून.

मी वही उघडली. आधीची ओळ खोडली नाही.
खाली लिहिलं : पाच वाजून दोन मिनिटं. नर.

फळीवरचा ओला डाग
उजाडलं तरी वाळला नव्हता.