शहाण्णव घरं

सोहारच्या बंदराकडे पाठ करून बसलेली आमची प्रयोगशाळा.
बाहेर सत्तेचाळीस अंश, आत एकोणीस.
मी स्वेटर घालून विष तपासते.

परवा आलेल्या रेणूला अजून नाव नाही,
फक्त नंबर : के-दोनशे चौदा.
टाक्यांच्या पोटातला गंज धुवायचं नवं रसायन.
संगणकाला त्याची आकृती दिली.
आत्याबाई स्थळाची चौकशी करतात तसा
तो शेजारपाजारी विचारून आला :
याच्या तोंडवळ्याचे तेरा,
त्यांतले अकरा सज्जन,
एकाने उंदराचं यकृत सुजवलेलं,
एकाबद्दल कुणी बोलायलाच तयार नाही.
निकाल हिरवा. खात्री एक्क्याऐंशी टक्के.

माझ्या वेळी आत्याबाईही एवढ्याच खात्रीने बोलल्या होत्या.

मग प्लेट. शहाण्णव घरं,
कुळं म्हणा हवं तर.
घराघरात यकृताच्या पेशी,
कुणा अनोळखी माणसाच्या :
तो गेला, आणि त्याचं एवढंच वाढत राहिलं.
डावीकडून उजवीकडे मात्रा दुप्पट होत जाते.
चोवीस तासांनी पाहिलं तर
सातव्या रांगेपर्यंत सगळे सुखाने नांदतायत,
आठवीपासून दिवे गेलेले.

शितावरून भाताची परीक्षा, आई म्हणायची.
पण ती शीत बोटांनी दाबून बघायची
आणि भात तिलाही खायचा असायचा.

साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद.
टाकी धुणारा धनबहादूर आमच्या जिन्याखाली सावलीला येतो,
हातमोजे काढून उलटे धरतो.
घाम धारेने ओततो त्यांतून.
"मॅडम, नया वाला ठीक है?"
मनगटावर पापुद्रा सुटलेला,
पिकल्या खजुराची साल सुटते तसा.

भिजून मऊ झालेली कातडी,
अंगठ्याशी भोक पडलेला मोजा,
टाकीत कोंडलेली वाफ, एका वेळी चार तास :
तक्त्यात यांचे रकाने नव्हते.
मी वाढवले.
संगणक म्हणाला, हे माझ्या ओळखीतलं नाही.
म्हणाला तरी.

हैथमला पाचच्या आत एक शब्द हवाय,
हो किंवा नाही. जहाज रविवारी लागतंय.
मी लिहिते : माहीत नाही.
खोडते. लिहिते : अजून माहीत नाही.
त्या 'अजून'चं रोजचं भाडं किती,
ते तो फोनवर मोजून दाखवतोय.
फोन खांद्याला दाबून
मी कातडीच्या पेशी घरांत सोडते.
एक प्लेट नियमाप्रमाणे सदतीसवर.
दुसरी, जिन्याखालची,
एकोणचाळीसवर.