डावी बाजू

दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं.
पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी,
टाचा गादीला न टेकता, डोकं तीस अंश वर.
बाहेर ओदाते गावावर रात्रभर बर्फ, न बोलता.

कुमागाई शिगेझो, खोली तीनशे सात.
चाळीस हिवाळे रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवलं,
पहाटे तीनला, गाव उठायच्या आत.
आता मेंदूच्या उजव्या अंगाला रक्त सांडलं
आणि जगाची डावी बाजू
साफ करायला कुणी गेलंच नाही.

वाडग्यातला उजवीकडचा भात संपवतात,
मग विचारतात, एवढाच वाढलात?
मी वाडगं फिरवते.
"हा कुठून आला?" म्हणत तोही खातात.
दाढी करतात ती अर्धीच.
डाव्या गालावर पांढरे खुंट,
दिवसचे दिवस पडून राहिलेले.

चहा दाट करून, चमच्याने.
हनुवटी खाली, एक घोट, थांबा, पुन्हा गिळा.
"चहा कसला, खळ आहे ही."
खरंच आहे. मी चाखून पाहिलीय.

हा हात कुणाचा? रोज विचारावं लागतं.
पांघरुणावर पडलेला, थोडा सुजलेला, त्यांचाच.
पहिल्या आठवड्यात: तुमचाच असेल, बाई.
दुसऱ्या: कोण जाणे, कुणीतरी विसरून गेलंय.
काल रात्री तीनच्या फेरीला
उजव्या हातात तो डावा घट्ट धरून म्हणाले,
"फुमिएचा. गार पडलाय बघा.
हातमोजे घालायची सवयच नाही हिला."

फुमिएला जाऊन नऊ वर्षं झाली, फायलीत आहे.
नियम सांगतो, हळुवारपणे चूक दाखवून द्या.
मी उजव्या दंडावर पट्टा बांधून रक्तदाब घेतला,
डोळ्यांवर टॉर्च धरला,
दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसल्या.
मग कपाटातून लोकरीचा हातमोजा काढला
आणि तिच्या,
त्यांच्या हातात चढवला, एकेक बोट करत.

नोंदवहीत लिहिलं: रात्र शांत.
डाव्या हाताकडे लक्ष गेलं,
आपणहून, पहिल्यांदाच.
यात खोटं काही नव्हतं.

पाचला खालच्या रस्त्यावर यंत्र आलं.
पिवळा दिवा भिंतीवरून डावीकडे सरकत गेला
आणि त्यांची मान त्याच्यामागे वळली,
थोडीशी, कॉलरमध्ये अडकेपर्यंत.
"पोरगा नवा दिसतोय," म्हणाले,
"कडेचा राहून गेला बघा."

मी खिडकीशी जाऊन पाहिलं.
राहिला होता.