डावीकडची सीट

गाडी जपानी, चौथ्या मालकाची.
स्टिअरिंग उजवीकडे, आणि आमच्या देशात
गाड्याही उजव्याच अंगाने चालतात,
म्हणजे पुढे ट्रक असला की मला दिसते
फक्त त्याची पाठ
आणि पाठीवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलेलं
'मला धुवा'.
समोरून काय येतंय ते कळतं
डावीकडच्या सीटवर बसलेल्या माणसाला.

डावीकडच्या सीटवर बाबा.
त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
दुसऱ्यात पिकतोय.

गोंबोरीचा घाट चढताना त्यांनी काच खाली केली,
मान तिरकी करून कान बाहेर काढला. 'थांब.'
थांबले. दुधाचा टँकर घरंगळत गेला खाली.
'आता जा.'
गेले.

माथ्यावर बीचची झाडं सरतात
आणि खाली एकदम अलाझानीचं खोरं,
वेलींच्या ओळी, ओल्या केसांतून फणी फिरवल्यासारख्या,
त्यांच्यापार कॉकेशस, टोकांवर यंदाचं पहिलं बर्फ.
'दिसतंय?'
'नाही,' बाबा म्हणाले, 'पण कानाचे दडे सुटले.
म्हणजे उतरतोय आपण.'

तेलावीच्या अलीकडे कारखान्याच्या काट्यापाशी
द्राक्षांच्या ट्रॉल्या सकाळपासून ताटकळलेल्या.
माणसं तोंडावर टोपी टाकून झोपलेली.
गांधीलमाश्यांना मात्र कुणी पावती विचारत नव्हतं.

पुढे एका टपरीवर चुर्चखेला टांगलेले,
तपकिरी मेणबत्त्यांसारखे, आत अक्रोडांची माळ.
टपरीवाल्या त्सिआलाने बाबांना विचारलं, 'सून का?'
'मुलगी. इटलीत असते.'
असते.
मला परत येऊन पाच महिने झालेत.
मी सुट्टे पैसे मोजत राहिले.

गुर्जानीत रस्त्यावर डुक्कर आडवं बसलेलं,
लग्नाच्या नऊ गाड्या त्याच्यापुढे भोंगे वाजवत.
आम्ही दहावे. आम्हीही वाजवला.

मी बारीला गेले त्या शरदात
बाबांनी शाक्रोच्या अंगणात एक रांजण भरला होता,
गळ्यापर्यंत मातीत पुरलेला,
झाकणावर दगड, दगडावर ओली माती.
एतेरी आली की उघडू.
त्यासाठीच तर वीस लिटरचा कॅन मागच्या सीटवर,
पट्टा लावून बसवलेला.

शाक्रोने फावड्याने माती ओढली. दगड सरकवला.
वास आला
आणि कुणीच काही बोललं नाही.
सात वर्षांत कधीतरी ती माती तडकली असणार,
एखाद्या ऑगस्टात, दुपारी,
मी सिन्योरा पिनूच्चाच्या पायाची नखं काढत असताना.

बाबांनी भोपळ्याची पळी मागितली.
चाखलं. जिभेवर घोळवलं. पुन्हा चाखलं.
'व्हिनेगर,' म्हणाले.
मग, पाहुण्याने म्हणावं तसं,
'पण खणखणीत.'

आधी हसली शाक्रोची बायको, मझेविनार,
एप्रन तोंडात कोंबून. मग शाक्रो,
फावड्यावर रेलून, डोळे पुसत. मग आम्ही.
'दहा वर्षांचं लोणचं झालं माझं,' ती म्हणाली,
आणि गरम पाव, चीज, कांदे
रांजणाशेजारीच, जमिनीवर मांडले.

कॅन तरी भरून घेतलाच बाबांनी.
'रिकामा नेला तर रस्ता हसेल.'

परतताना अंधार. काचा उघड्या, तरी गाडीत
नाकात झोंबणारा तो आंबूस वास, वळणावळणाला डचमळणारा.
रात्री बाबांना माझ्याहून बरं दिसतं:
समोरून येणारा दिवा त्यांच्या डोळ्यांत
सांडल्यासारखा पसरतो, कितीतरी आधी.
'एक येतोय. गेला. आता जा.'
असे तीन ट्रक मागे टाकले.

चौथ्याच्या मागे होतो, घाटाच्या पोटात.
समोर कसलाच उजेड नव्हता,
डोंगराच्या भिंतीवरसुद्धा नव्हता,
एवढं तर मलाही कळत होतं.
बाबा काचेबाहेर कान लावून बसले होते.

'जाऊ?'
'थांब,' म्हणाले, 'थांब जरा.'

तिसाच्या वेगाने
ट्रकच्या धुळकट पाठीमागे
थांबल्यासारखी चालवत राहिले.