सर्जेकोटहून, अहवालाऐवजी

मुख्यालयाला शुक्रवारपर्यंत हवेत
शिकलेले धडे, जास्तीत जास्त चार पानं,
प्रत्येक धड्यापुढे जबाबदार विभागाचं नाव.

मी सर्जेकोटला, उपड्या घातलेल्या होडीवर बसलेय.
लॅपटॉपवर ऊन पडलंय, म्हणून पान कोरं दिसतं.
कोरंच आहे.

समोर लवू कुबल दुसऱ्या होडीत जाळं भरतोय.
बोये एका अंगाला, शिसं दुसऱ्या,
मधे वळीवर वळी;
शेवटी आत जाईल ते आधी बाहेर पडणार.
त्याचे हात हे मोजत नाहीत.
आम्हाला मोजायला सहा वर्षं लागली:
लिलावाच्या शेडएवढी एक छत्री,
केसाहून पातळ, चार पदरी,
दुर्बिणीवर कायमची सावली धरायला
पेटीत घडी घालून पाठवायची.

अकराव्या चाचणीत ती उघडली. टाळ्या.
बाराव्या चाचणीत अडकली.
तेराव्यात पुन्हा उघडली,
पण आता टाळी वाजवायला कुणाचा हात होईना.

तेव्हा सुट्टीत इथे आले होते.
लवूमामाला मोबाइलवर ती चित्रफीत दाखवली.
त्याने दोनदा पाहिली.
"ह्या खाली लोंबता कित्याक?"
वजनामुळे.
"आणि थंय?"
तिथे वजन नसतं, मामा.
त्याने मोबाइल परत दिला, विडी शोधली.
"मगे गे बाये, तू जाळां रेवेर बघतंस."

त्या रात्री मला झोप नाही.
पृथ्वी आमच्या प्रयोगशाळेत बिनपगारी कामाला होती,
घड्या खाली ओढून ओढून सोडवत होती,
आणि तिचं नाव कुठल्याच तक्त्यात नव्हतं.
हा पहिला धडा. लिहिते.
जबाबदार विभाग: गुरुत्वाकर्षण.
खोडते. मुख्यालय हसत नाही.

वासाचंही लिहायला हवं.
गोंदाला किंचित वास येत होता, इतकंच.
वास म्हणजे वस्तूच थोडी थोडी निघून जाणं,
आणि त्या गारठ्यात ती
आरशावर जाऊन बसते, साय धरल्यासारखी.
मग तुकडा न् तुकडा आठवडेच्या आठवडे
निर्वात भट्टीत सुकवला.
पलीकडे रुक्मिण कोयंडे बांगडे परततेय.
एक उचलून पोटाशी दाबते,
पुन्हा उन्हात ठेवते. अजून नाही.

मुनिराचं मात्र चार पानांत बसणार नाही.
एकशे छत्तीस वॉशर, खाली तिची सही.
मोजले होते एकशे दहा.
घरी मुलगा तापाने फणफणलेला,
राजिवड्याहून फोनावर फोन.
नऊ दिवसांनी ती आपणहून
हट्टंगडी सरांच्या टेबलापुढे उभी राहिली.
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाले, चला, उघडू या.
चार महिने मागे गेलो.
एक वॉशर सापडला, तिसऱ्या पदराच्या घडीत,
तांदळाएवढा.

त्यानंतर माणसं चुका सांगायला येऊ लागली:
जिन्यात, चहाच्या टपरीवर,
एक जण तर लग्नाच्या पंगतीत, हातात जिलेबी.
ह्यापुढे कुठल्या विभागाचं नाव घालू?

आता ती पंधरा लाख किलोमीटरांवर आहे.
तिथवर पान्हा पोचत नाही, माफीही नाही.

लवूमामा हाक मारतो. मी लॅपटॉप मिटते,
होडीला खांदा लावते; ती रेव खरवडत जाते
आणि अचानक हलकी होते.

पाण्याखाली जाळं कसं उतरतंय
ते किनाऱ्यावरून दिसत नाही.
फक्त बोये, एक, मग एक, मग बराच वेळ काही नाही,
मग एक.
ती उघडली त्या पहाटेही
आम्हाला पडद्यावर एवढंच दिसलं होतं.
मधल्या त्या बराच वेळात
मुनिराने माझं मनगट धरलं होतं.
नखांचे वण दोन दिवस होते.