पाण्याला म्हणतात ओ

पॅरिसला आम्ही दीडच दिवस असणार.
बाकी सगळं बसमधून.
पत्रकात छापलंय: रात्री पिठलं-भात,
सोबत मराठी बोलणारा माणूस.
"मगे तुका कित्याक व्हयी फ्रेंच?" जाऊबाई म्हणाली,
सोलं उलटी करता करता, वर न बघता.

वेंगुर्ल्याच्या पोस्टात चौतीस वर्षं
परमुलखाच्या पाकिटांवर शिक्के मारले.
अक्षरं ओळखीची, शब्द नाहीत.
एकही कधी मोठ्याने वाचून पाहिला नाही.
हे काही तिला सांगितलं नाही.

शिकवणी बंदरावर, उन्हं कलल्यावर.
मास्तर बस्त्याव फर्नांडिस, बोटीवर कुक होते,
नऊ वर्षं मार्सेयच्या कंपनीत.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
"गाळ्यो माका सगळ्यो येतत. त्यो तुमका नको."
मग बराच वेळ आठवत बसले
की उरलं काय.

उरलं ते कांदा, मीठ, सुरी, लवकर,
माफ करा, आणि रविवार.

शाळेत पेठेबाई पट्टी घेऊन मागे लागायच्या:
नाकात बोलू नका. खंय नाही, कुठे.
थंय नाही, तिथे.
सरळ केलं नाक. नोकरी लागली.
आता एकसष्टाव्या वर्षी हा माणूस म्हणतो,
"बों. पें. वें.
पाव आनी दारू नाकातसून येतली, बाय.
नाक खंय गेला तुमचा?"

मिळालं. होतं तिथेच होतं.

र मात्र येईना.
"गळ्यात काटो अडाकलो तर काय करतास?"
सुका भात गिळते, म्हटलं.
"त्याच्या आदी."
त्याच्या आधीचा तो आवाज
मी घरी मोरीचं दार लावून केला.
जाऊबाईने बाहेरून पाण्याचा तांब्या आपटला.

कोंबियें म्हणजे कितीला.
लिलावात जाऊन रत्नमालेला विचारलं, कोंबियें?
"कोंबे खंयचे? बांगडे आसत," ती म्हणाली,
आणि वाटा थोडा मोठा दिला,
बिचारीचं डोकं फिरलं समजून.

एक गोष्ट मात्र त्यांनी तीनतीनदा घोटून घेतली.
दुकानात शिरताना आधी बोंजूर.
विचारायचं ते मागाहून.
नाहीतर त्यांना ऐकूच येत नाही.
मला यात शिकण्यासारखं काही दिसेना.
खळ्यात उभं राहून, आसात काय गे घरात,
अशी हाक घातल्याशिवाय
मी सख्ख्या बहिणीची पायरी चढले नाही कधी.

जाऊबाईला एवढंच सांगता आलं असतं.
त्या लोकांच्या खळ्यात जायचंय, दीड दिवस का असेना.

शेवटच्या दिवशी बस्त्याव पाण्यावर आले.
"बाटली घेशात तर पैशे जातले. काराफ मागा,
फुकट गावता. म्हणा: ऊन काराफ दो."
ऊन म्हणजे एक. मला हसू आलं.
आणि पाणी?
"ओ."
कोणी हाक मारली म्हणून मी मागे पाहिलं.
"नाय गे. पाण्याक म्हणतत ओ."
ते समोर बघत होते. ओहोटी लागली होती,
होड्या एका अंगावर कलंडलेल्या.
नऊ वर्षांत किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.
मीही विचारलं नाही.

रात्री बॅग भरून झाल्यावर
कळशी घेऊन विहिरीवर गेले.
पंप आहे. तरी गेले.
राहाटाला हात न लावता वाकून म्हटलं,
ऊन काराफ दो.

खालून शेवटचं तेवढंच आलं, ओ,
जरा उशिरा,
माजघरातून कोणी हातातलं काम ठेवून द्यावी तशी.